डाव्या हातवाल्या मुली

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी, तिसऱ्या तासाला, शाळेच्या करस्पॉंडंटनी, म्हणजे संस्थेच्या मुख्य कारभाऱ्यांनी, मला वर्गाच्या भिंतीवरचे सगळे कागद माझ्या हातांनी काढायला लावले. वर्गात बेचाळीस मुली होत्या. नववी क, तमिळ माध्यम. कागद काढून झाल्यावर त्यांनी केरसुणी मागवली आणि ती माझ्या हातात दिली. मी वर्ग झाडला. मुली पाय वर घेऊन बसल्या होत्या.

शाळा तंजावुरात, राजवाड्यामागच्या गल्लीत होती. गावात पहिली कॉम्प्युटर सेंटरं उघडत होती आणि एकेक जुनी शाळा इंग्लिश माध्यमाची पाटी लावत होती, तो काळ. आमच्या शाळेलाही पुढच्या जूनपासून तशी तुकडी हवी होती. मी इंग्लिश शिकवत होते. वय सव्वीस. नेमणूक तात्पुरती.

कागद कसले होते, ते सांगते. पुस्तकातला धडा उघडला की या मुली माना खाली घालायच्या. त्यांतल्या निम्म्या खेड्यांतून टाउन बसने यायच्या. जूनमध्ये मी त्यांना म्हटलं, घरात, गल्लीत, शेतात जे इंग्लिश सापडेल ते घेऊन या. एका मुलीने एक तुकडा. गोळ्यांचं पाकीट आलं. साबणाचं वेष्टण आलं. कॅसेटचं कव्हर, युरियाच्या पोत्याचा छापील भाग, साडीच्या दुकानाची पिशवी आली. तुकडा भिंतीवर लावायचा. खाली आपली एक ओळ इंग्लिशमध्ये लिहायची, चुकली तरी चालेल. मग वर्गासमोर उभं राहून तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. हे कोणी लिहिलं? कोणासाठी लिहिलं? ते तुम्हाला काय करायला सांगतं? आठ आठवड्यांत भिंत भरली. जून महिन्यात तोंड न उघडणाऱ्या मुली ऑगस्टमध्ये एकमेकींच्या चुका काढून भांडत होत्या.

मल्लिका तिरुवैयारूच्या बाजूच्या एका खेड्यातून यायची. तिने कीटकनाशकाच्या डब्यावरचं लेबल पाण्यात भिजवून, न फाटता सोडवून आणलं होतं. त्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं, वेअर ग्लव्ह्ज. हातमोजे घाला. खाली मल्लिकाने पेन्सिलीने लिहिलं होतं: नो ग्लव्ह्ज, माय फादर.

करस्पॉंडंट त्या कागदापुढे सर्वांत जास्त वेळ थांबले. मल्लिकाचा बाप त्यांच्याच शेतावर फवारणी करायचा.

संस्थेच्या कारभाऱ्याला तिकडे करस्पॉंडंटच म्हणतात. त्यांचं घर मराठी, जुनं, जमीनवालं. मीही मराठी. पण आम्ही शिंपी. माझे वडील, अप्पा, याच शाळेचे गणवेश शिवायचे. एरवी करस्पॉंडंट शाळेत तमिळ बोलायचे, पाहुण्यांशी इंग्लिश. त्या दिवशी माझ्याशी मराठीत बोलले.

"बाप चिंध्या जमवतो, लेक कागद जमवते. शिंप्याच्या घरचं वळण जायचं कोठें?"

एवढंच. आवाज चढवला नाही. चष्मा पुसत बोलले.

तास संपल्यावर मल्लिका टेबलाशी आली. "टीचर, सर तुमच्या भाषेत काय बोलले?"

मी म्हटलं, "भिंत स्वच्छ ठेवायला सांगितलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं टीचर."

लहानपणी दिवाळीच्या आधी शिवलेले कपडे पोचवायला मी करस्पॉंडंटच्या घरी जायची. मागच्या दाराने. त्यांची आई मराठीतच सांगायची, "ओट्यावर ठेव गं. आंत नको." त्या घरात आणि आमच्या घरात एकच भाषा होती, हे मला अभिमानाने सांगितलं जायचं. ओट्यापर्यंत.

गोळा केलेले कागद मी टाकले नाहीत. अप्पांनी गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडातून शिवलेली एक पिशवी होती, तिच्यात भरले.

सप्टेंबरमध्ये तपासणी ठरली. इंग्लिश माध्यमाला मान्यता द्यायची की नाही, ते बघायला खात्याचे अधिकारी येणार होते. ते कोणता वर्ग निवडतील ते माहीत नव्हतं, म्हणून प्रत्येक वर्गात तालीम सुरू झाली. एकच धडा, तेच दहा प्रश्न, तीच दहा उत्तरं. अ तुकडीतल्या पाच मुली तात्पुरत्या आमच्या वर्गात आणून बसवल्या. डॉक्टरची मुलगी, बँक मॅनेजरची मुलगी, अशा.

आणि हातांचा नियम. प्रश्न विचारला की सगळ्या वर्गाने हात वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा. येत नसेल तर डावा. शिक्षकाने फक्त उजव्या हातांना उठवायचं. मागे बसलेल्या पाहुण्याला भरलेला, उत्साही वर्ग दिसतो.

हा नियम मला कोणी समजावून सांगावा लागला नाही. मी स्वतः याच शाळेत नववीत आणि दहावीत डाव्या हातवाली होते. दोन वर्षं, प्रत्येक तपासणीला, मी हात वर केला. एकदाही नाव आलं नाही. जेवायच्या हातापेक्षा तो हात वेगळा, घाण काढायचा, हे त्या वयात माहीत असतंच. तो सगळ्यांसमोर उंच धरायचा आणि चेहरा हसरा ठेवायचा.

तोच नियम मी बेचाळीस मुलींना शिकवला. माझ्या तोंडाने. फळ्यावर दोन हात काढून.

शिकवला, कारण माझी नेमणूक कायम करायची की नाही ते तपासणीनंतर ठरणार होतं. नजर अधू झाल्याने अप्पांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. सकाळी शाळेला निघण्याआधी मी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायची. दहा संपल्या की अप्पा माझी वाट बघत बसायचे. दुसरं घर, दुसरी मिळकत आम्हाला नव्हती.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती. दहावीचा निकाल पडू नये म्हणून कच्च्या मुलींना नववीतच शाळा सोडल्याचा दाखला देण्याची तिथे अलीकडे रीत पडली होती. त्या वर्षीची यादी माझ्याकडे मागितली होती. डाव्या हातांची नावं द्या, असं सांगितलं होतं. मी अकरा नावं लिहिली. मल्लिकाचं नाव चौथं होतं. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. दिला नाही, फाडलाही नाही. नऊ दिवस तो पर्समध्ये होता.

तालमीच्या शेवटच्या दिवशी मल्लिकाने हात वर केला. डावा. प्रश्न मी विचारला नव्हता.

"काय गं?"

"टीचर, डाव्या हातवाल्यांचं नाव कधी येणार?"

वर्ग हसला. अ तुकडीतली एक मुलगी म्हणाली, "दाखल्यावर येईल." आणखी हसू झालं. मल्लिकाही हसली. मी "सायलेन्स" म्हटलं. 

तपासणी गुरुवारी झाली. अधिकाऱ्यांनी नववी क निवडली. ते शेवटच्या बाकामागे खुर्चीवर बसले, शेजारी करस्पॉंडंट. कॉफी आली. मी धडा सुरू केला. पहिला प्रश्न, सत्तेचाळीस हात, डॉक्टरची मुलगी, बरोबर उत्तर. दुसरा प्रश्न, तसंच. अधिकारी मान हलवत होते. सहाव्या प्रश्नापर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. करस्पॉंडंटनी पायावर पाय टाकला.

सातव्या प्रश्नाला मल्लिकाचा डावा हात बाकीच्यांपेक्षा उंच होता. ती हसत नव्हती.

मी म्हटलं, "मल्लिका."

 काही हात वरच राहिले. मल्लिकाने आधी आपल्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उभी राहिली. तिला उत्तर येत नव्हतं. ते मला माहीत होतं, तिला माहीत होतं. बाहेर सायकलस्टॅंडवर कोणीतरी घंटी वाजवत होतं. करस्पॉंडंटनी मराठीत, खालच्या आवाजात म्हटलं, "बसव तिला."

मी टेबलाखाली ठेवलेली निळी पिशवी उघडली. लेबल काढलं आणि तिच्या बाकावर ठेवलं. इंग्लिशमध्ये विचारलं, हे कोणी लिहिलं?

"कंपनी," ती म्हणाली.

कोणासाठी?

"माय फादर."

काय करायला सांगतं?

तिने बोट ठेवून वाचलं. हातमोजे घाला. तोंड झाका. वापरानंतर हात धुवा. वाचायला वेळ लागला. एका शब्दाला अडकली, मागे आली, पुन्हा वाचला. मग इंग्लिश संपलं आणि ती तमिळमध्ये बोलली. "माझे वडील औषध हातांनी कालवतात, टीचर. कालव्यात हात धुतात. रात्री भात कालवताना हात थरथरतात. त्यांना कोणी सांगितलं नाही. ते इंग्लिशमध्ये आहे."

अधिकाऱ्यांनी विचारलं, "कोणाच्या शेतावर?"

मल्लिका खाली बसली. तिने वळून मागे पाहिलं नाही. तिच्या बाकाभोवतीच्या मुलींनी पाहिलं.

शुक्रवारी दुपारी मला ऑफिसात बोलावलं. अप्पांनाही बोलावून घेतलं होतं. ते दाराशी उभे होते, गळ्यात टेप तसाच. टेबलावर टाइप केलेलं एक पत्र होतं, माझ्या नावाने, इंग्लिशमध्ये. मजकूर असा: मी धड्याची तयारी केली नव्हती, विद्यार्थिनीला मी खोटं बोलायला शिकवलं, मी संस्थेची माफी मागते. खाली माझ्या सहीसाठी रेघ. शेजारी मल्लिकाचा दाखला, भरलेला.

"सही कर," करस्पॉंडंट म्हणाले. "वर्षअखेरपर्यंत ठेवून घेतों. तुझ्या बापाकडे बघून."

"आणि हिचा दाखला?"

"तो वेगळा विषय."

अप्पांनी हात जोडले. त्यांना नव्हे, मला. "कशास हट्ट, अम्मा? कर सही."

आमच्याकडे लेकीला अम्मा म्हणतात. अप्पांनी मला हात जोडलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

मी पत्र उचललं. दोनदा वाचलं. हे कोणी लिहिलं? कोणासाठी लिहिलं? ते मला काय करायला सांगतं?

मग पर्समधला घडी केलेला कागद काढला. अकरा नावांचा. त्याचे चार तुकडे केले. तुकडे पत्रावर ठेवले, आणि ते पत्र सहीशिवाय करस्पॉंडंटपुढे धरलं. डाव्या हाताने.

त्यांनी ते घेतलं नाही. मी हात खाली केला नाही. अप्पांनी मान दुसरीकडे वळवली.  शेवटी करस्पॉंडंटनी ते घेतलं.

संध्याकाळी शिपाई घरी आला. माझी नेमणूक त्याच दिवसापासून संपली होती. शिवायला आलेले गणवेशाचे तागे त्याने परत नेले. अप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी रोज दहा सुया ओवून ठेवल्या. त्या तशाच राहिल्या. सोमवारी सकाळी त्यांनी एक उचलली.

सोमवारी पावणेनऊला मी शाळेच्या फाटकासमोर होते. निळी पिशवी आणि भाताची खळ भरलेला डबा बरोबर होता. तिरुवैयारूची बस आली. मल्लिका उतरली, गणवेशात. दाखला तिच्या घरी शनिवारीच पोचला होता. शिपायाने आम्हाला पाहून फाटक ओढून घेतलं.

शाळेची भिंत रस्त्याच्या बाजूने लांब आणि कोरी आहे. मल्लिकाने लेबल धरलं, मी खळ लावली. भिंत दमट होती. कागद सुटला. पुन्हा लावला. टाउन बसमधून उतरलेल्या मुली मागे थांबू लागल्या. आतली घंटा झाली तरी थांबल्या.

नऊ वाजून वीस मिनिटांनी पहिला कागद टिकला. मल्लिकाने पिशवीत हात घालून दुसरा काढला.