डाव्या हाताची आखणी

पेणच्या एसटी स्टँडवर मला सोडायला घरची दोनच माणसं आली होती, आई आणि बाळूकाका. आई रडली नाही. माझ्या पिशवीची गाठ ती सारखी सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. काका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, हात मागे बांधून उभा होता. सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "जा गो, जा. पन मालिश शिकायला मुंबईला कशाला जायाला पायजे? आपल्या गावात तेल मिळत नाय काय?" दोनचार लोक हसले. आई माझ्या कानाशी पुटपुटली, "त्याला बोलू दे. तू गाडीत बस." मी बसले. पेण मागे पडेपर्यंत मी दातओठ खात होते. या माणसाला एक दिवस रडवीन, एवढं एकच ठरवून मी घर सोडलं. लोक म्हणे स्वप्नं उराशी घेऊन बाहेर पडतात. तुमच्यातलं कुणी तसं गेलं असेल तर चांगलंच आहे, मी तशी गेले नाही.

आमचं गाव हमरापूर. घराला लागूनच गणपतीचा कारखाना, बाबा आणि काका दोघांचा मिळून. माती मळणं, साच्यातून मूर्ती काढणं, रंग देणं ही कामं घरातलं कुणीही करायचं. आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं, ती मात्र बाबांचीच. खिडकीच्या उजेडात त्यांचा पाट मांडलेला असायचा आणि ते ब्रश हातात घेऊन बसले की आई आम्हाला खोकूही द्यायची नाही.

मी अकरावीत असताना बाबांची उजवी बाजू लकव्याने गेली. मुंबईच्या एका हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर येत, मुंग्या येतात का विचारत आणि जात. मग एक बारीकशी मॅडम आली. ती बाबांना म्हणाली, "काका, तुमचं काम काय?" बाबा अडखळत म्हणाले, "आखणी." तिला ते कळेना, म्हणून मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने आईला शाडूचा गोळा आणायला लावला आणि बाबांचा मेलेला हात त्यात ठेवला. बाबांची बोटं त्या मातीत हलली. खरंच हलली! मी तिला विचारलं, तुम्ही कसल्या डॉक्टर? ती म्हणाली, "ऑक्युपेशनल थेरपिस्ट. माणसाला त्याचं रोजचं काम परत मिळवून द्यायचं, तेच माझं काम." झालं, माझं करियर तिथे त्या खाटेच्या कडेला ठरलं.

पण बाबांचा हात नीट वळायला लागण्याआधीच काका आला आणि म्हणाला, "बास झाला. दादाला कष्ट नकोत. घरी नेऊ, सेवा करू."

आणि काय सेवा केली हो! बाबांनी ताटाकडे हात नेला की तो धरून मांडीवर ठेवायचे आणि घास भरवायचे. सदरा दुसऱ्याने घालायचा, तांब्या दुसऱ्याने तोंडाला लावायचा. आमच्याकडे आजारी माणसाला हात हलवू देणं म्हणजे घरच्यांची नाचक्की. शेजारपाजारचे येऊन कौतुक करून जायचे, काय भाऊ आहे, राम-लक्ष्मणाची जोडी! त्या कौतुकात बाबांचा हात वाळून गेला. आणि लक्ष्मण तोवर खिडकीजवळच्या पाटावर जाऊन बसला होता. बाबांची खाट पडवीत लागली. "दादाचा हात गेला," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

कॉलेजच्या प्रत्येक सुट्टीत मी घरी येऊन बाबांच्या मागे लागले. आईला बजावलं, भरवायचं नाही. ती बिचारी जेवताना पाठ करून बसायची, त्यांचं सांडणं तिला बघवायचं नाही. उजव्या हाताने ते गुंड्या लावायला शिकले, पण आखणीची बारीक रेघ त्या हाताला येईना. मग मी ब्रश डाव्या हातात दिला. करवंट्यांना पांढरा रंग फासायचा आणि त्यावर डोळे काढायचे. पडवीत ओळीने सुकत ठेवलेल्या त्या करवंट्या सगळ्या टक लावून बघायच्या, काकी अंधार पडला की तिकडून जायची नाही. हळूहळू रेघ सरळ यायला लागली. पुढे तर अशी आली की आई म्हणाली, "हे तर पहिल्यासारखंच!"

तेव्हा बाबांनी काकाकडे एक मूर्ती मागितली. एकच, तीही लहान.

काका सगळ्या कारागिरांदेखत म्हणाला, "डाव्या हातानं देवाला गंध तरी लावतात काय, दादा? गिऱ्हाइकाला कळलं तर तोंडात शेण घालील." मूर्ती मिळाली नाही. त्यानंतर ते जेवढी वर्षं जगले तेवढी वर्षं करवंट्याच रंगवत राहिले आणि पडवीतच गेले. त्यांचं दिवसकार्य उरकलं आणि मी परदेशातल्या नोकरीसाठी अर्ज केला.

आता इंग्लंडात, लीड्सला एका हॉस्पिटलात आहे. पडलेली, लकवा झालेली म्हातारी माणसं घरी पाठवण्याआधी त्यांना स्वतःचा चहा करता येतो का हे बघणं माझ्या कामात येतं. किटली उचलताना हात थरथरला तरी मी मध्ये पडत नाही, नुसती जवळ उभी राहते. होम व्हिजिटला जाते, बाथरूममध्ये धरायला दांडा कुठे लावायचा ते ठरवते. हे गावी सांगितलं तर लोक म्हणाले, म्हाताऱ्यांना चहा करायला लावायचा पगार देतात? देतात. आणि चहा पहिल्यांदा जमला की ती माणसं माझे हात धरून रडतात. तेव्हा मला दर वेळी काका आठवतो.

यंदा नितीनचा फोन आला. नितीन काकाचा मुलगा, रोह्याला कंपनीत आहे. म्हणाला, "ताई, अप्पांची उजवी बाजू गेली. आम्ही त्यांना रोह्याला आणलंय. तू ये ना." अप्पा म्हणजे बाळूकाकाच. मी आईला फोन केला. वाटलं, म्हणेल बाई, माफ कर आता. ती म्हणाली, "ये. पन दयाबिया दाखवू नको." मी रजा टाकली.

रोह्याला पोचले तर सून काकाला चमच्याने वरणभात भरवत होती. मी म्हटलं, "वहिनी, चमचा ठेव. काका, डाव्या हातानं खा." काकाने मान फिरवली. बोलणं जड झालं होतं, तरी शब्द कळले, "डाव्या हातानं नाय जेवनार." मी ताट समोर ठेवलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं. दुपार गेली, चार वाजून गेले, तो जेवला नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना! आणि इथे माझी पंचाईत झाली. इतकी वर्षं मी धरून चालले होते की डाव्या हाताचं ते सोवळं म्हणजे पाट बळकावायची युक्ती. पण हा तर उपाशी राहायला तयार होता, म्हणजे मेल्याचा खरंच विश्वास होता. क्षणभर मला त्याची कीव आली. मग म्हटलं, खरा असो नाहीतर खोटा, माझा बाप त्यापायी पडवीत कुजला.

दिवेलागणीला काकाने डावा हात भातात घातला. पहिला घास अंगावर सांडला. तो हमसून रडला आणि रडत रडत जेवला. वॉर्डात अशा वेळी मी 'वेल डन' म्हणते. त्याला नाही म्हटलं.

जेवण झाल्यावर मी माझी अट सांगितली. "तुझे दोन्ही हात कामाला लावते. पण हमरापूरला, कारखान्यात. आणि आधी सगळ्या कारागिरांदेखत बोलायचं, दादाचा डावा हात चांगला होता." नितीन म्हणाला, "ताई, हा काय हट्ट?" मी म्हटलं, "हीच माझी फी." काकाने मान डोलावली.

नितीनने गाडी काढली. कारखान्यात घाई चालू होती, स्प्रे गनचा आवाज, ट्यूबलाइटी. आई दारात येऊन उभी राहिली. काकाला खुर्चीवर बसवलं, काम थांबवलं. तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "दादाचा... डावा हात... चांगला व्हता."

पदर खोचून रंग देणारी एक बाई म्हणाली, "दादा कोन?"

मी सगळ्यांची तोंडं बघितली. जुने कारागीर कधीच गेले होते. ज्यांच्यासमोर बाबांची मान खाली गेली त्यातलं एकही माणूस तिथे नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं. मी काकाच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "सांग. दादा कोण ते सांग. खिडकीपासून पडवीपर्यंत सगळं सांग." आणि त्याने सांगितलं. एकेका शब्दाला दम लागत होता, लाळ गळत होती, पुसायला मी कुणाला पुढे होऊ दिलं नाही. "मूर्ती मागितली व्हती आनि मी दिली नाय," इथवर तो आला तेव्हा आई आत निघून गेली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण जेवढं वाटेल असं वाटलं होतं तेवढं नाही वाटलं. रजा संपेपर्यंत मी रोज त्याचा हात हलवून घेतला, जरासुद्धा सूट न देता. आता तो स्वतःचा सदरा स्वतः घालतो.

लीड्सला परत आले. इथे शेजारीण माझ्या कुंड्यांना पाणी घालते, वॉर्डातले लोक वाढदिवसाला केक आणतात, सगळे गोड बोलतात. तुम्ही जे मागे राहिलात, ते मला सांगता की झालं गेलं विसर. तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, ते विचारता की आता तिथे तुझं काय राहिलंय? काका राहिलाय. त्याला मी माफ केलेलं नाही, आणि तो आहे तोवर दर वर्षी जाऊन त्याचा हात बघणार आहे. लीड्समध्ये माझं कुणाशीच वैर नाही. म्हणून याला घर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.