गाडीवरची गोधडी

बायको गेल्यापासून गाडी दारात उभी होती. जुनी, गोल दिव्यांची, आता अशी रस्त्यावर दिसत नाही. मी चालवायचो आणि ती शेजारी बसून मला शिव्या घालायची. आता मला नीट दिसत नाही आणि शिव्या घालायला कोणी नाही. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत पत्रा सडतो. मुलगी चिपळूणला दिली आहे. ती म्हणाली, "बाबा, सडवू नका, मला द्या. आईची तेवढीच आठवण." इंजिन घाट चढणारं राहिलं नव्हतं, म्हणून कळंबोलीहून ट्रेलर बोलावला. गाडी जशी आहे तशी पोचावी, एवढंच डोक्यात होतं.

ट्रेलरवाल्याने तारेने गाडी वर ओढली, चारी चाकांवरून पट्टे टाकून आवळली. मी म्हटलं, "बंपरला पन एक बांध."

"बंपर हातात येईल, काका. चाकं धरली की गाडी धरली."

मग मी गोधडी आणली. बायकोने स्वतःच्या जुन्या लुगड्यांची गाडीसाठी शिवलेली. ती टाकून दोरीने बांधायला लागलो.

"ती काढा. वारा खालून शिरतो, कापड फडफडतं, धूळ घासते. चिपळूणपर्यंत रंग जाईल."

"इतकी वर्सं झाकली, काय झालं नाय."

"दारात गाडी पळत होती का?"

"माज्या बायकोनं शिवलीय. तुला काय कलतंय?"

त्याने कपाळाला हात लावला. "बांधा. पट्टे बघायला पुढे पळस्पे फाट्याला थांबणारच आहे. तिथपर्यंत चला, स्वतःच बघा."

पळस्प्याला उतरलो. एक पट्टा सैल झाला होता, तो त्याने आवळला. गोधडीचं टोक सुटून बॉनेटवर आपटत होतं. खाली हात घातला. तळहाताएवढी चमक गेली होती. एवढ्याशा रस्त्यात. तो "सांगितलं होतं" म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं.

वाऱ्याने दोरीच्या गाठी घट्ट बसल्या होत्या, माझ्या बोटांना सुटेनात. एक त्याने सोडली, बाकीच्या मी. उघडी गाडी बघवेना.

"जा आता," म्हटलं.

"घरी कसे जाल, काका?"

"पाय हायेत."

पाय कसले. रिक्षा केली. मांडीवर गोधडी बघून रिक्षावाला विचारतो, "दवाखान्यातून आलात का?"

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "पोचली, बाबा. सगळं ठीक आहे. बॉनेटवर जरा डाग आहे, पॉलिशने निघेल."

"बरं."

"पण आईची गोधडी का नाही पाठवलीत?"

"घासते ती," म्हटलं आणि फोन ठेवला.