रानडुकराचा फास आणि माझं बोट

२०२३ साल. मला सदुसष्टावं लागलं होतं, आणि त्या वयात मी परीक्षा पास झालो. चौथीनंतर शाळेचं तोंड न बघितलेला माणूस, जपानात, जपानी भाषेतली परीक्षा! अजून सांगताना छाती फुगते, फुगू दे.

मी कोबेला आलो तो एका व्यापाऱ्याच्या घरी स्वयंपाकी म्हणून. मालक गेले, मी इथंच राहिलो. शहरामागच्या डोंगराच्या कडेला जमिनीचा एक तुकडा भाड्यानं मिळाला. त्यात आमच्या हिनं अळू, मेथी, रताळी लावली. पण रताळी भरली की रानडुकरं यायची आणि नांगर फिरवल्यासारखं रान उलथून जायची. मी पत्रे लावले, त्यांनी ते वाकवले. ही म्हणाली, "अहो, यंदा शेवटचं. पुन्हा उकरलं तर मी नाही लावायची." रडली असती तर बरं होतं. ती शांतपणे म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

इथं डुकराला फास लावायचा तर परवाना लागतो, आणि परवान्याला परीक्षा. तोक्योतल्या एदोगावाहून मुलाचा फोन आला.

"आबा, तुम्ही? अहो, तिथं वाचावं लागतं!"

"मग वाचीन की. तुझ्या आधी या देशात आलोय मी."

मसाल्याच्या पाकिटांवरची नि स्टेशनांवरची सोपी अक्षरं मी वर्षानुवर्षं वाचत आलोय. परीक्षेवाल्यांना अवघड अक्षरांच्या डोक्यावर सोपी छापून द्या म्हटलं, त्यांनी दिली. मग जनावरांची चित्रं दाखवली, कोणतं धरायचं, कोणतं नाही. डुक्कर, हो. माकड, नाही. शेवटी फास जोडायचा. गावाकडे ससे धरणारे बघितलेले, माझा हात आपोआप चालला. पास! घरी येऊन हिला म्हटलं, "शिरा कर, मास्तर आलाय."

पण कागद मिळाला म्हणजे डोंगर मिळाला असं नाही. तिथल्या शिकाऱ्यांच्या गटाचे एक म्होरके होते, माझ्याहून वयानं मोठे, काटक. नवीन माणसानं पहिला फास त्यांच्यासमोर लावायचा, आणि त्यांनी मान हलवली तरच पुढं. ते मला करी-सान म्हणायचे, म्हणजे करीवाले साहेब.

हिवाळ्यात शिकारीचे दिवस सुरू झाले आणि आम्ही नारिंगी जाकिटं घालून वर गेलो. कुणा बंदूकवाल्याला आपण जनावर वाटू नये म्हणून ती जाकिटं. डुकरांच्या वाटेवर मी खड्डा घेतला, पाय पडला की फास आवळणारी फळी बसवली, तारेचा फास अंथरला, तारेचं दुसरं टोक एका जाड झाडाला बांधलं, वर पालापाचोळा. झकास. मी हात झटकले.

"बोट कुठंय, करी-सान? करीत पडलं का?"

इथली रीत अशी, की काम झालं की एकेका वस्तूकडे बोट दाखवायचं आणि मोठ्यानं "योशी" म्हणायचं, म्हणजे बरोबर. मला त्याची लाज वाटायची. "मी काय स्टेशनावरचा गार्ड आहे, हवेत बोटं नाचवायला? डोळे आहेत मला."

"गार्ड बोट दाखवतो म्हणून गाडी नीट जाते. बोट दाखवायचं नसेल तर फास काढा आणि खाली जा. माझ्या डोंगरावर नाही."

डोळ्यांसमोर हिची रताळी आली. गिळला राग. "मराठीत म्हणेन," मी म्हणालो.

"कुठल्याही भाषेत म्हणा. पण झाडांना ऐकू जाऊ दे."

मग मी ओरडलो. "फळी, बरोबर! फास, बरोबर! गाठ, बरोबर! झाड..."

बोट झाडाकडे गेलं नि त्याच्या मागून नजर बुंध्यावर चढली. वरच्या अंगाला भूछत्रं फुटलेली. एक पान नाही, साल सुटलेली. मी लाथ घातली तर आतून भुगा पडला. मेलेलं झाड! भला थोरला डुक्कर त्याला हिसका देऊन तार घेऊन सुटला असता, तोही खवळलेला.

म्होरक्यांनी शेजारच्या जिवंत झाडाकडे हनुवटी केली. मी तार तिथं हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं ओरडून म्हणालो, या खेपेला कुणी न सांगता. तेव्हा त्यांनी मान हलवली. उतरताना बजावलं, "सकाळी बघायला यायचं ते वरच्या बाजूनं. अडकलेलं डुक्कर उताराकडे झेप घेतं. आणि मी आल्याशिवाय जवळ जायचं नाही. एकदा गेलात तर पुन्हा इथं फास नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी जाकीट चढवून निघालो. लांबूनच पाला उधळल्याचा आवाज! वरून वळसा घेऊन बघितलं तर काळं, केसाळ, हे एवढं धूड तारेला हिसके देतंय. खाली धावत जावंसं वाटलं, खरंच. फोन लावला आणि म्होरक्यांना म्हणालो, "या, लागलंय!" मग बोट पुढं केलं. "तार, बरोबर! झाड, बरोबर!" शेवटी बोट स्वतःच्या बुटांकडे नेलं. "पाय, बरोबर!" असं ओरडलो आणि म्होरके येईपर्यंत तिथंच उभा राहिलो.