तारेच्या कुंपणातला किडामार

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी सोलापूरच्या बाहेर, रेल्वेलाइनीला लागून, रॉकेल-डिझेलच्या टाक्यांचा डेपो बांधायला घेतला. माझे यजमान तिथे ओव्हरसियर. आम्हाला साइटवरच दोन खोल्या होत्या. मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते, त्याचा उपयोग स्थळं बघताना सांगण्यापुरताच झाला होता.

पहिल्या पावसाळ्यात आवाराच्या एका कोपऱ्यात जमिनीसरपट पसरलेली वेल दिसली. खडी फोडणारी बाई म्हणाली, "किडामार हाय त्यो. लई कडू. शेरडंबी तोंड लावत न्हाईत." त्या कडू पानांवर गडद तांबड्या अळ्या होत्या. पुढे फुलपाखरं आली. काळे पंख, त्यावर पांढरे पट्टे, अंग लालभडक. कॉलेजात जाऊन जुन्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "या भागात मी आयुष्यात दोनदाच पाहिलंय. त्याच्या अळ्या हीच वेल खातात; वेल गेली की तेही गेलंच समज."

त्या कोपऱ्यात ट्रक उभे राहणार होते. यजमानांच्या मागे लागून मी मोठ्या साहेबांना भेटले. साहेब हसले. "वहिनी, एवढा तुकडा सोडला तर डेपो बुडत नाही." त्यांनी खरंच तारेचं कुंपण घालून दिलं. त्या दिवशी मी शिरा केला.

पुढच्या पावसाळ्यात टाक्या भरल्या आणि फुलपाखरंही परत आली. मग आगीच्या बंदोबस्ताची तपासणी झाली. एका दुपारी यजमान आले आणि चपला न काढता दारातच उभे राहिले.

"अगं, तो कोपरा साफ करावा लागला."

"साफ म्हणजे?"

"तण मरावं म्हणून जळकं ऑइल मारलं. टाक्यांच्या आवारात गवताची काडी ठेवायची नाही, असा वरून हुकूम आहे."

"अहो, मला आधी सांगायचं तरी!"

"सांगून तू काय करणार होतीस?"

मी तशीच धावले. तार जागच्या जागी होती. आत सगळं काळं, चकचकीत. अळ्या पानांना चिकटून मेल्या होत्या. कडेच्या काही जिवंत होत्या, त्या मी डब्यात भरून आणल्या.

दुसऱ्या दिवशी यजमानांनी सायकल काढली. मला मागे बसवून ते रानोमाळ हिंडले. पण रब्बी ज्वारीसाठी लोकांनी रानं कुळवून लख्ख ठेवली होती. एका बांधावर चार पानं सापडली, ती एका दिवसात संपली. दुसरा पाला अळ्यांनी तोंडातही घेतला नाही. रोज सकाळी डबा उघडायची मला भीती वाटायची.

एकीचाच कोश झाला. त्यातून फुलपाखरू निघालं, अगदी धडधाकट. पंख वाळेपर्यंत ते खिडकीच्या गजावर बसलं. मग उडून रुळांच्या दिशेने गेलं. आता त्याला ना जोडीदार भेटणार होता, ना अंडी घालायला एक पान.

"गेलं का?" यजमानांनी आतून विचारलं.

"गेलं," मी म्हटलं आणि त्यांचं ताट वाढायला घेतलं.