वहिनींचे रविवार

लग्न झाल्यापासून पंचवीसेक वर्षं मी दर रविवारी माहेरी जेवले. माझं घर दर्पण कॉलनीत, माहेर दौलतगंजात, मध्ये स्कूटरवर वीस मिनिटांचं अंतर. आठवडाभर ऑफिस आणि घर सांभाळायचं, आणि रविवारी मात्र स्वयंपाकघरात चहापुरतंच जायचं, असा माझा नेम होता. "आज आईकडे," एवढं म्हटलं की नवरा आणि मुलगा सकाळचा नाश्तासुद्धा बेताने करायचे.

माहेरी खाली कापडाची दुकानं आणि वर आमचं घर. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे जिना चढायला लागलं की फोडणीचा वास सरळ अंगावर यायचा. चिंच-गुळाची आमटी, भरली वांगी, मसालेभात, दाण्याचं कूट घातलेली काकडी. थंडीत मटारची उसळ आणि बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा. आमचे पूर्वज इथल्या दरबारात कारकुनी करायला दक्षिणेतून या हिंदी मुलखात आले, त्याला किती पिढ्या झाल्या ते कुणाला नीट सांगता येत नाही. घरात बोलताना अर्धी हिंदी येते. पण गोडा मसाला आई घरीच करायला लावायची, आणि किराणावाल्याकडे "पत्थर फूल" मागून आणलं तरी घरी आल्यावर त्याला दगडफूलच म्हणायची.

टेबलाच्या टोकाला आई बसायची. मी पहिला घास घेऊन म्हणायचे, "आई, आमटी काय झालीये!" आई म्हणायची, "चिंच जुनी आहे ना. घे अजून." दादा हसायचा. वहिनी गरम पोळ्या आणून वाढत असायच्या.

वहिनी मुरैन्याच्या. घरी ब्रजमिश्रित हिंदी बोलणाऱ्या. दादाने त्यांच्याशी लग्न ठरवलं तेव्हा आईने आठ दिवस अबोला धरला, मग म्हणाली, "शिकवीन मी तिला सगळं." आणि शिकवलंही. मी लहान नणंद, म्हणून मला "वन्सं" म्हणायचं, हेही शिकवलं. पहिली दोन वर्षं त्या "बन्सं" म्हणायच्या आणि आम्ही तोंडावर हसायचो. त्याही हसायच्या, म्हणून मला वाटायचं की त्यांना गंमत वाटते.

आता मुद्द्याचं सांगते.

नऊ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका रविवारी नवऱ्याला कुणाला तरी पडावला स्टेशनवर सोडायचं होतं, सकाळी अकराची गाडी. वाटेत त्याने मला दौलतगंजात उतरवलं. मी नेहमीपेक्षा दीड तास आधी पोचले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून आमचं स्वयंपाकघर थेट दिसतं. वहिनी एकट्याच होत्या. एका शेगडीवर भात, दुसरीवर आमटी, ओट्यावर मसाला भरलेली वांगी ओळीने मांडलेली. त्यांनी पळीतून थेंबभर आमटी तळहातावर घेतली, चाखली, डबा न शोधता हात मागे नेऊन गुळाचा खडा उचलला आणि टाकला. आत आई पलंगावर बसून रेडिओ ऐकत होती. तिचे हात तेव्हा कापायला लागले होते. चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरायची, हे मी दर रविवारी पाहत होते. ते हात वांगी कशी भरत असतील, हा प्रश्न मला कधी पडला नाही. खरं सांगायचं तर मी तो पडू दिला नाही.

मी पायरीवरच थांबले. मग दोन पायऱ्या खाली उतरले, चपला वाजवत पुन्हा वर गेले आणि म्हणाले, "आले गं!"

दुपारी जेवायला बसल्यावर नेहमीचं वाक्य तोंडातून निघून गेलं. "आई, आमटी काय झालीये!"

आई म्हणाली, "चिंच जुनी आहे ना."

वहिनी पोळ्यांच्या डब्यातलं फडकं नीट करत होत्या. वर बघितलं नाही त्यांनी.

त्या दिवशी मी गप्प का बसले, याची मी नंतर बरीच कारणं काढली. आईला वाईट वाटेल. आई म्हातारी झाली हे तिच्या तोंडावर कसं मान्य करायचं. ही कारणं खोटी नाहीत. पण त्यांच्याखाली आणखी एक कारण होतं. आईच्या हातचं खाताना लेकीला काही परत द्यावं लागत नाही. वहिनींच्या हातचं खायचं तर आभार मानावे लागतात, उठून मदत करावी लागते, कधीतरी "आज राहू द्या" म्हणावं लागतं. मला ते नको होतं. मला रविवार हवा होता.

असे पुढचे सात-आठ वर्षांचे रविवार गेले.

दोन वर्षांपूर्वी थंडीत आई गेली. दिवस-वार झाले, पाहुणे गेले, आणि महिन्याभराने दादाचा फोन आला, "रविवारी ये. घर खायला उठतं." आम्ही तिघं गेलो. वहिनींनी सगळं तसंच केलं होतं, आमटी, वांगी, मसालेभात. आईची खुर्ची तशीच रिकामी ठेवली होती. मी पहिला घास घेतला आणि मला रडू कोसळलं. रडतारडता म्हणाले, "सगळं तेच आहे, पण आईच्या हातची चव नाही. ती तिच्याबरोबर गेली."

 दादाच्या मुलीने, माझ्या भाचीने, चमचा खाली ठेवला. तेव्हा ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती.

"आत्या, दस साल से मम्मी ही बना रही है. आजी तो आमटी हलवत पण नव्हती."

"चुप," वहिनी म्हणाल्या. "खाना खा अपना."

"क्यों चुप? हर संडे..."

"मैंने कहा ना."

दादा ताटाकडे बघत राहिला. बाकीच्यांच्या नजरा माझ्याकडे. आणि तेव्हा मी जे केलं ते आजही आठवलं की कानशिलं तापतात. मी डोळे पुसले, तोंडावर हात ठेवला आणि म्हणाले, "अगंबाई! मला माहीतच नव्हतं!"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग उठून पोळ्या आणायला आत गेल्या.

पुढचे दोन महिने मी रविवारी गेले नाही. ऑफिसचं काम, मुलाची परीक्षा, पाठ दुखते, एकेक कारण दादाला फोनवर सांगत राहिले. दर्पण कॉलनीत रविवारी आम्ही खिचडी खायचो किंवा बाहेरून मागवायचो. शेवटी नवऱ्याने विचारलं, "झालंय काय?" मी सांगितलं, जिन्यापासून सगळं. तो म्हणाला, "हे मला सांगून काय उपयोग? त्यांना सांग."

मी आधी भाचीला फोन केला. विचारलं, "तुझी आई माहेरी काय जेवायची गं? रविवारी वगैरे?"

"नानीके यहाँ? दाल-टिक्कड. चुल्हे पे. घी में डुबोके. का गं आत्या?"

"घरी करते कधी?"

"नाही. आजीला आवडायचं नाही ना."

तेव्हा मला आठवलं. वहिनींच्या लग्नानंतरचं पहिलं वर्ष. एका रविवारी त्यांनी हौसेने टिक्कड केले होते, जाडजूड गव्हाच्या रोट्या, मध्ये बोटांनी खळगे पाडलेल्या, त्यात तूप भरलेलं. आई म्हणाली, "आपल्यात हे असलं करत नाहीत." आणि मी, तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, एक टिक्कड उचलून म्हणाले होते, "वहिनी, ही पोळी आहे की पाट?" सगळे खूप हसले होते. त्यानंतर त्या घरात टिक्कड झाले नाहीत. चोवीस वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की तुम्हाला काय आवडतं.

मी दादाला सांगितलं, या रविवारी तुम्ही आमच्याकडे या. सकाळपासून खपत होते. मोबाईलवर बघून कणीक मळली, जाड थापली, तव्यावर टाकली, मग आचेवर. बाहेरून काळे आणि आतून कच्चे. डाळ बरी झाली होती. वहिनी आल्या त्या नेहमीप्रमाणे सरळ स्वयंपाकघरात, पदर खोचत. तव्यावर नजर गेली आणि थबकल्या.

"टिक्कड?"

"बसा तुम्ही," मी म्हणाले. "आज मी वाढते."

त्या बसल्या नाहीत. दाराला टेकून उभ्या राहिल्या. बाहेर दादा आणि माझा नवरा बोलत होते. मी हातातला चिमटा खाली ठेवला. मनात जुळवलेलं सगळं विसरले.

"वहिनी, मला माहीत होतं. आई असतानाच माहीत होतं. एकदा मी लवकर आले होते, तेव्हा..."

"पता है," त्या म्हणाल्या. "तुम्ही जिन्यात उभ्या होत्या. मला दिसल्या होत्या. मग खाली उतरून चपला वाजवल्या."

 इतकी वर्षं मी त्यांच्यापासून लपवत होते, आणि त्या माझं लपवणं बघत होत्या.

"मग बोलला का नाहीत?"

"क्या बोलते? आई खुश व्हायच्या. आणि शिकवलं तर त्यांनीच ना. त्यांचं नाव झालं तर झालं." त्यांनी तव्यावरचा टिक्कड उलटला, सवयीने. "उसका कुछ नहीं, वन्सं. आदत पड गई थी. पण त्या दिवशी तुम्ही म्हणालात, मला माहीतच नव्हतं. तेव्हा फार लागलं. आई तर आता नाहीत. आता कुणासाठी खोटं बोलायचं?"

"चुकलं माझं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "हो" म्हणाल्या नाहीत, "जाऊ द्या" म्हणाल्या नाहीत. आच कमी केली आणि म्हणाल्या, "आटा ढीला है. ओवा घालायचा राहिला. आणि हे झाकून भाजावं लागतं, नाहीतर आत कच्चं राहतं."

जेवताना त्यांनी दीड टिक्कड खाल्ला. कच्चा भाग बोटाने काढून ताटाच्या कडेला ठेवला. दादाने दोन घास खाऊन विचारलं, "हे काय नवीनच?" मला त्याचाही राग आला. त्याच्या घरात ती बाई चोवीस वर्षं जेवतेय. पण कुठल्या तोंडाने रागावणार?

निघताना आमच्या फाटकाशी वहिनी म्हणाल्या, "अगले इतवार मी नाहीये. भैयाकडे चाललेय, मुरैन्याला. इतवारला त्याची दुकान बंद असते, सगळे घरी असतात."

"जरूर जा," मी म्हणाले, आणि स्कूटर दिसेनाशी झाल्यावर हिशेब लक्षात आला. मुरैना इथून तासाभराच्या अंतरावर. त्यांच्या माहेरचे सगळे फक्त रविवारी घरी असायचे. आणि दर रविवारी आम्ही तिघं बाराच्या ठोक्याला त्यांच्या जिन्यात हजर. राखी आणि लग्नकार्यं सोडली तर त्यांचं माहेरी जाणं झालंच नसणार. त्यांची आई चार वर्षांपूर्वी गेली. मी भेटायला गेले होते, दहा मिनिटं बसले होते, आणि निघताना म्हणाले होते, "काही लागलं तर सांगा हं."

आता वहिनी महिन्यातून एक-दोन रविवार मुरैन्याला जातात. त्या रविवारी दौलतगंजात जाऊन दादासाठी आणि भाचीसाठी मी स्वयंपाक करते. भरली वांगी जमतात. आमटी जमत नाही. भाची चाखते आणि स्पष्ट सांगते, "आत्या, वो बात नहीं है." दादा मुकाट्याने खातो.

मध्ये एका हळदीकुंकवाला आईच्या ओळखीच्या एक काकू भेटल्या. म्हणाल्या, "तुझ्या आईच्या हातची आमटी अजून जिभेवर आहे गं." मी म्हणाले, "काकू, तुम्ही खाल्लीत ती वहिनींच्या हातची. शेवटची दहा वर्षं त्याच करत होत्या." काकू म्हणाल्या, "हो का? गुणाची आहे हो सून." आणि वाण घ्यायला पुढे सरकल्या. काही कोसळलं नाही. आईचं नाव पुसलं गेलं नाही. एवढंसं बोलायचं होतं, आणि आईच्या समोरही ते हसतहसत बोलता आलं असतं.

वहिनींकडे मी आमटीचं प्रमाण मागितलं. गूळ किती, मसाला केव्हा, चिंच आधी की नंतर. त्या म्हणाल्या, "लिहून देते, सावकाश." त्याला आता आठ महिने झाले. कदाचित त्या विसरल्या असतील. कदाचित नसतील. मी परत विचारलेलं नाही.