रतिबा खालाच्या नावावरची मोटार

तंता शहरातल्या आमच्या गल्लीत बातमी फिरली की रतिबा खालाने मोटार घेतली, म्हणून सरकारने तिचं रेशनकार्ड बंद केलं. माझी आई तर रंगही सांगत होती. लाल.

खरं म्हणजे खालाकडे सायकलसुद्धा नाही. कार्डावर ती, तिची विधवा मुलगी आणि तीन नातवंडं. कार्डावर बेकरीतून रोज माणशी पाच सरकारी रोट्या, त्यावरच घर चालायचं. एका सकाळी बेकरीच्या मशीनने कार्ड नाकारलं. तिच्या मागच्या कितीतरी जणींचीही कार्डं तशीच परत आली. का, ते बेकरीवाल्यालाही ठाऊक नव्हतं.

खाला पुरवठा कचेरीत गेली. तिथले वहीदसाहेब नाकातून बोलतात. त्यांची नक्कल मी सगळ्या गल्लीला करून दाखवतो. "बाई, संगणक म्हणतोय तुमच्या नावावर मोटार आहे. मोटारवालीला सरकारी रोटी कशाला?"

"मग संगणकालाच विचारा ना साहेब, मी ती लावते कुठे?"

साहेबांनी खरंच पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, मोटार नावावरून काढून आणा.

घोळ घातला होता तिच्या भावाने, सबरीने. नऊ वर्षांपूर्वी त्याने हप्त्यावरची गाडी बहिणीच्या नावावर घेतली आणि विकली. विकली म्हणजे आपल्याकडे सगळेच विकतात तशी: मालकी आहे तिथेच, घेणाऱ्याच्या हातात मुखत्यारपत्र. त्याने पुढच्याला विकली, त्याने आणखी पुढच्याला. सबरीमामाला विचारलं तर तो म्हणाला, पांढरी होती बहुतेक. बहुतेक!

खाला वाहतूक कचेरीत गेली. गाडी कुठे आहे ते तिथेही कुणाला माहीत नव्हतं. तेव्हा तिने विचारलं, माझ्या गाडीला दंड झालेत का? झाले होते, सगळे एकाच जागी, एका दातांच्या दवाखान्यासमोर. ती स्टूल घेऊन तिथे गेली आणि नंबर जुळवून त्या गाडीला टेकून बसली. गाडी निळी होती.

डॉक्टर बाहेर आला. "आजी, जरा सरका, गाडी काढायचीय."

"कुणाची गाडी, बाळा?"

"माझी."

"मीही तेच म्हणत होते, पण सरकार ऐकत नाही. एक तर किल्ली दे, नाहीतर नाव बदलून घे."

त्याने नाव बदलून घेतलं. पुढच्या महिन्यात कार्ड चाललं, पण चारच नावांचं. धाकटा नातू गायब. वहीदसाहेब म्हणाले, असं कसं झालं ते मलाही कळत नाही, अर्ज करा.

ती गाडी सापडणार नाही, यावर मी खालाशी पैज लावली होती; हरलो तर तिने सांगितलेले अर्ज फुकट लिहायचे. आता रोज सकाळी बेकरीच्या पायरीवर बसून मी कार्ड बंद झालेल्या बायकांचे तक्रारअर्ज लिहितो. पहिला अर्ज धाकट्याचा होता. खाला रांगेतून ओरडून सांगते, "विनंती आहे असं लिहू नकोस रे. हक्क आहे असं लिही."