व एक बाई

तात्यांनी वहीत सगळ्यांची नावं लिहिली आणि शेवटी लिहिलं, ‘व एक बाई’.

ती बाई मी. त्यांच्या मागेच उभी होते, सगळ्यांच्या पाण्याचा कॅन धरून. मला वाचता येत नाही असं त्यांना वाटत होतं. त्यांचीही चूक नाही, मीच तसं वाटू दिलं होतं.

औरंगाबादला विद्यापीठातलं म्युझियम होतं ते. दाराशी टेबल, टेबलावर मोठी वही. बघायला येणाऱ्यानं नाव लिहायचं आणि पुढे हुद्दा. आम्ही ग्रामपंचायतीचे सात मेंबर आणि वर तात्या. बायांच्या राखीव जागा नव्यानंच आल्या होत्या, म्हणून शहरात शिबिर ठेवलं होतं. पहिल्या दिवशी भाषणं झाली, दुसऱ्या दिवशी शहर पाहायचं होतं. सरपंच होत्या काकू, पण सरपंचकी करायचे त्यांचे मालक, म्हणजे तात्या. गावातली निम्मी काळी जमीन त्यांच्या घरात. वहीत पहिलं नाव त्यांनी स्वतःचं लिहिलं होतं, हुद्दा सरपंच. खाली काकू, नुसत्या ‘सौ.’. मग बाकीचे पाच, नावानिशी. आणि मग मी.

मी धनगराची. आमची मेंढरं वर्षातले कितीतरी महिने बाहेर. लहानपणी आईनं मला हसनाबादला मामाकडे ठेवलं, म्हणून मी सातवीपर्यंत शिकले. लग्न झालं आणि पेन सुटलं ते सुटलंच. राखीव जागेला बाई पाहिजे होती, तेव्हा तात्या आमच्या दारात आले आणि नवऱ्याला म्हणाले, “तुझी मालकीण गरीब हाय. तिलाच उभी करू.” आमच्याकडे गरीब म्हणजे तोंड न उघडणारी.

पहिल्या मीटिंगला ग्रामसेवकानं रजिस्टर फिरवलं. सगळ्यांपुढे पेन गेलं. माझ्यापुढे शाईची डबी आली. मला सही येते, एवढंच म्हणायचं होतं. सगळे बघत होते. वाटलं, बोलले तर म्हणतील, लई शहाणी आली. मी अंगठा दाबला. एकदा दाबल्यावर दुसऱ्या वेळी सांगायची आणखी लाज. असं दीड वर्ष गेलं.

तर त्या दिवशीचं शहर. मला पाहायची फार हौस होती. मामाच्या शाळेत पुस्तकात मकबऱ्याचं चित्र होतं, त्यावर मी कितीदा बोट फिरवलं होतं. प्रत्यक्षात तो समोर दिसला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वर चढलो. आत जाताना चपला काढायच्या होत्या. काकू म्हणाल्या, “तू इथंच बस. चपलांपाशी कोन्ही तरी पायजे.”

“मी बी आल्ते बघायला, काकू.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

मी बसले. सात जोड माझ्यापुढे. पर्यटकांची एक टोळी आली. त्यांनी मला पाहिलं आणि काही न विचारता आपल्याही चपला माझ्यापुढे काढल्या. एक जण म्हणाली, “मावशी, लक्ष ठेव हं.” मी पंचायतीची मेंबर होते. पाऊण तासात माझ्यापुढे एकोणीस जोड जमले. मकबरा मी बाहेरून पाहिला.

पाणचक्कीला मला आत येऊ दिलं, राखायला काही नव्हतं म्हणून. डोंगरातून आलेलं पाणी जातं फिरवतं हे पाहून मला एवढं नवल वाटलं, की कुणाला तरी सांगावं वाटलं. शेजारी काकू होत्या, त्यांनी पदर सावरून तोंड फिरवलं. दुपारी झाडाखाली सगळ्यांनी गोल करून डबे उघडले. मी गोलाच्या बाहेर, कॅनपाशी. भाकरी मोडली. एवढ्या गर्दीत माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं.

मग जीप विद्यापीठात शिरली. पोरी वह्या छातीशी धरून चालल्या होत्या, आपसात हसत. कुणी त्यांना अडवत नव्हतं. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. सातवीला गुरुजी मामाला म्हणाले होते, पोरीला पुढं शिकवा. ते मला तिथं आठवलं. आणि दहा मिनिटांनी त्या वहीत वाचलं, ‘व एक बाई’.

दीड वर्षाचं सगळं एकदम वर आलं. मी कॅन खाली ठेवला.

“पेन द्या.”

तात्या हसले. “तुला पेन कशाला? अन् शाईची डबी तर न्हाई इथं.”

सगळे हसले. काकूही हसल्या. टेबलामागच्या म्हाताऱ्या शिपायानं मात्र वही माझ्याकडे फिरवली आणि स्वतःच्या खिशातलं पेन दिलं. मी ‘व एक बाई’वर आडवी रेघ मारली. खाली माझं नाव लिहिलं, नवऱ्याचं नाव, आडनाव. हुद्द्याच्या रकान्यात लिहिलं, सदश्य.

कुणी हसलं नाही. तात्या माझ्या अक्षराकडे बघत होते. मग सावकाश म्हणाले, “लिव्हता येतं, तर मंग इतके दिवस अंगठा कामून देत होती?”

अपमान त्यांनी केला होता, पण प्रश्न बराबर होता.

परत येताना माझ्याशी कुणी बोललं नाही. बदनापूरला जीप चहाला थांबली. मला कुणी हाक मारली नाही, मी जीपमध्येच बसून राहिले. तो प्रश्न सोबत होता. घरी आल्यावर पोराचं पुस्तक उघडलं, तेव्हा कळलं की सदस्य असं लिहितात. त्या वहीत माझं चुकीचंच राहिलं.

पुढच्या मीटिंगला मी लवकर गेले आणि ग्रामसेवकाला म्हटलं, मागचं रजिस्टर दाखवा. तो म्हणाला, तात्यांना विचारावं लागेल. मी म्हटलं, “मेंबर मी हाय, तात्या न्हाईत.” त्यानं दिलं. मी बोट ठेवून एकेक ठराव वाचला. प्रत्येकाखाली माझा अंगठा. एका पानावर थांबले. ओढ्याकाठचं गायरान वीटभट्टीसाठी तात्यांच्या पुतण्याला. त्या गायरानातून उन्हाळ्यात आमची मेंढरं हाकलून दिली होती. नवरा आता कळप घेऊन चार कोस लांब जायचा. मी घरात बसून तात्यांना शिव्या घातल्या होत्या, रडले होते. आणि खाली माझाच अंगठा होता, ठसठशीत. मला माझ्या हाताची शिसारी आली.

मीटिंग सुरू झाली. नवा ठराव आला, माझ्यापुढे सवयीनं डबी आली. मी तिचं झाकण लावलं.

“आधी वाचून दाखवा.”

ग्रामसेवक तात्यांकडे बघू लागला.

“तिकडं न्हाई. मला वाचून दाखवा.”

त्यानं वाचलं. गायरानाचाच राहिलेला तुकडा होता. मी पेन मागितलं.

गायरान परत आलं नाही. पुढच्या निवडणुकीला मला कुणी उभं केलं नाही. काकू आजही रस्त्यात दिसल्या तर दुसरीकडे बघतात. बघू द्या. मी त्यानंतर कशावरही अंगठा उठवलेला नाही, आणि न वाचता सही केलेली नाही. करणारही नाही. त्या दिवशी ठरावाखाली मी लिहिलं, ‘माझा विरोध आहे’. विरोध हा शब्द, लागलाच तर म्हणून, आदल्या रात्री पोराच्या पाटीवर दहा वेळा गिरवला होता. तो मी बराबर लिहिला.